खिडकीतली म्हातारी

सिस्टर : 'कशाची भीती वाटते' हा रकाना तुमच्या लेकीने आईच्या फॉर्मात कोराच ठेवलाय, काका. म्हणाली, ते बाबांना विचारा.

मेकअपमन : तिला सगळं ठाऊक नाही म्हणून. लिहा, आरसा.

सिस्टर : आरसा. बरं. आमच्या संस्थेत खोल्यांमध्ये आरसे नाहीतच. न्हाणीघरात एक छोटा आहे, तो काढायला सांगते. आणखी?

मेकअपमन : स्टीलचं ताट. बंद टीव्ही. संध्याकाळ झाली की खिडकीची काच. आणि तुमचा चष्मा.

सिस्टर : माझ्या चष्म्याने काय केलं?

मेकअपमन : उजेडाकडे तोंड केलंत की त्यात समोरच्याचं तोंड दिसतं. एवढंसं, पण दिसतं. मी माझा चष्मा वर्षभर कपाटात ठेवून दिलाय. मघाशी दारात तुम्हाला 'सिलिंडर कुठाय' म्हणून विचारलं ते काय उगीच?

सिस्टर : मला वाटलं, काका थट्टेखोर दिसतात.

मेकअपमन : तसाही आहे. पण तुम्हाला खरंच गॅसवाला समजलो होतो.

सिस्टर : असू दे, आमच्याकडे मला आई, सासू, वहिनी, पोलीस सगळं म्हणून झालंय. बरं, स्वतःचं तोंड बघून घाबरणं हे या विसरण्याच्या आजारात होतंच हो. आरसे काढले तेच मुळी एका आजोबांमुळे. आरशातल्या माणसाला चहा पाजायला बघायचे. स्वतःला ओळखतच नव्हते.

मेकअपमन : हिचं तसं नाही. ही ओळखते. तिथेच तर सगळा घोळ आहे.

सिस्टर : ओळखतात म्हणजे? काय म्हणतात?

मेकअपमन : म्हणते, 'अहो, अजून माझा मेकअप काढला नाही का?'

सिस्टर : थांबा, लिहून घेते. मेकअप... कसला मेकअप?

मेकअपमन : म्हातारीचा.

सिस्टर : काका, एक स्पष्ट विचारू? डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलंय, दोन्ही गालांची आणि कपाळाची कातडी सोलली आहे, घासल्याच्या खुणा आहेत. असं काही दिसलं की आम्ही आधी घरच्यांकडे संशयाने बघतो. मला ते विचारावंच लागतं.

मेकअपमन : मीच केलंय. लिहा की. रोज संध्याकाळी तेल कोमट करायचं, कापसाचे बोळे करायचे आणि तिच्या तोंडावर नसलेला मेकअप काढायचा. आधी नुसतं फिरवल्यासारखं करायचो. मग ती गालावरून बोट फिरवते, म्हणते, 'निघालं नाही. बघा, सुरकुत्या तशाच आहेत.' मग जरा जोरात. मग आणखी जरा जोरात. ती हात जोडते हो. तुम्ही काय केलं असतं?

सिस्टर : थांबले असते.

मेकअपमन : तुम्ही परक्या आहात, तुम्हाला जमेल. म्हणून तर तुम्हाला बोलावलंय.

सिस्टर : पण म्हातारीचा मेकअप हे कुठून आलं डोक्यात? नाटकात वगैरे होत्या का?

मेकअपमन : सिनेमात. एकाच. तुम्ही बघितला असेल. भाड्याने घेतलेलं घर, नवं जोडपं, आणि वरच्या मजल्याच्या खिडकीत...

सिस्टर : थांबा. थांबा, काका. खिडकीतली म्हातारी?

मेकअपमन : हो.

सिस्टर : आत झोपल्यात त्या?

मेकअपमन : बसल्यात. झोप कुठली आलीय.

सिस्टर : अहो, मी आठ वर्षांची होते. टीव्हीवर लागला होता, आईने 'बघू नको' म्हणून सांगितलं आणि मी चादरीच्या भोकातून बघितला. त्यानंतर दोन वर्षं खिडकीकडे पाठ करून झोपले मी.

मेकअपमन : दोन वर्षं? शाबास! मी सहा महिन्यांच्या हिशेबाने केली होती.

सिस्टर : हसू नका. शेवटी ती नवी नवरी आरशासमोर केस विंचरते आणि आरशात तीच म्हातारी असते. खिडकीत दिसायची ती म्हणजे हीच, म्हातारपणाची. मला तेव्हा नीट कळलंही नव्हतं.

मेकअपमन : आम्हालाही नीट कळलं नव्हतं. दिग्दर्शकालाही नाही. त्याला आधी लाल डोळे, बाकदार नाक, बाहेर आलेले दात असली हडळ हवी होती. मी म्हटलं, असल्या हडळीला पोरं हसतात. माणूस घाबरतो तो आपल्याच घरातल्या माणसाला. तुमची नायिका चोवीस वर्षांची आहे, तिचीच मी चौऱ्याहत्तरची करून देतो. नाक तेच, डोळे तेच. फक्त पन्नास वर्षं वर चढवतो.

सिस्टर : कशी चढवतात?

मेकअपमन : सोपं आहे, वेळ खातं. कातडी बोटांनी ताणून धरायची. वर पातळ रबर लावायचं, स्पंजने टिपत टिपत. त्यावर टिश्यू पेपरचा पदर, पुन्हा रबर. गरम हवेने वाळवायचं आणि ताण सोडायचा. सोडला की आपोआप सुरकुत्या पडतात. पण ताणायचं कुठे, ही खरी मेख. बाकीचे लोक कुठेही ताणायचे. मी तिला चार दिवस नुसतं समोर बसवलं. म्हटलं, हसा. रडा. आठ्या घाला. खोटं बोला. आंबट खाल्ल्यासारखं करा. तिचा चेहरा जिथे जिथे दुमडायचा तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली. तिच्याच रेघा, मी फक्त त्या खोल केल्या.

सिस्टर : चार दिवस एका बाईच्या तोंडाकडे बघत बसलात.

मेकअपमन : कामच होतं माझं ते.

सिस्टर : हो, हो. कामच.

मेकअपमन : तुम्ही फॉर्म भरा, सिस्टर.

सिस्टर : भरतेय. म्हणजे आता त्या आरशात बघतात तेव्हा...

मेकअपमन : तेव्हा तीच दिसते. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या तीन रेघा, ओठांवरच्या उभ्या चुण्या, हनुवटीखालची पिशवी, सगळं जिथल्या तिथे. मी पन्नास वर्षांपूर्वी जे केलं ते सगळं खरं निघालं. माझ्या धंद्यातल्या कुणाला एवढं यश आलं नसेल. आता तो सिनेमा पुन्हा धुऊनपुसून थिएटरात लावलाय, पन्नास वर्षं झाली म्हणून. वर्तमानपत्रवाले फोन करतात, 'त्या म्हातारीचं गुपित सांगा.' मी म्हणतो, ती भाजी निवडतेय, नंतर करा.

सिस्टर : पोस्टर बघितलं मी येताना. कोपऱ्यावरच लावलंय.

मेकअपमन : म्हणूनच सांगणार होतो. साडेचारला तुमची गाडी येईल, तेव्हा ड्रायव्हरला मागच्या गल्लीने काढायला सांगा. लेक त्याच गाडीतून येतेय, तिच्या लक्षात राहणार नाही.

सिस्टर : सांगते. पुढचा रकाना. 'झोपताना काही विशेष सवय?'

मेकअपमन : दार उघडं लागतं. आणि दाराला बाहेरून कडी लावायची नाही. हे ठळक लिहा. खाली दोन रेघा मारा.

सिस्टर : काका, ते मला लिहिता येणार नाही.

मेकअपमन : का?

सिस्टर : खोलीला कडी नसते, पण आमच्या वॉर्डाचं दार बाहेरून बंदच असतं. लावावंच लागतं. मागच्या वर्षी एक आजी चालत चालत हमरस्त्यापर्यंत गेल्या होत्या.

मेकअपमन : हिला सहन होणार नाही हो. दुसरं काहीही करा. पाळत ठेवा, पायात घुंगरू बांधा. बाहेरून बंद नको.

सिस्टर : मी नियम बदलू शकत नाही. पण कारण सांगा, म्हणजे निदान जवळ कुणीतरी बसेल. कुणी कोंडलं होतं का त्यांना?

मेकअपमन : मी.

सिस्टर : तुम्ही?

मेकअपमन : दिग्दर्शकाचा हुकूम होता, सिनेमा लागेपर्यंत म्हातारीचं तोंड बाहेर दिसता कामा नये. मासिकांचे फोटोग्राफर स्टुडिओबाहेर टपून बसलेले असायचे. म्हणून मेकअप रूमला बाहेरून कुलूप, आणि चावी माझ्या खिशात. सकाळी चार तास मेकअप चढवायचा, शॉटला न्यायचं, परत आणायचं, दीड तास बसून काढायचा. मधे मी कुठे गेलो तर कुलूप लावून जायचो. अकरा दिवस असंच चाललं. ती कधी कुरकुरली नाही, कारण मी पाच मिनिटांत परत यायचो.

सिस्टर : आणि मग?

मेकअपमन : शेवटच्या दिवशी खिडकीतला शेवटचा शॉट अकरालाच आटोपला. तिला खुर्चीत बसवलं, कुलूप लावलं आणि तेल गरम करून आणायला निघालो. वाटेत निरोप आला की आधीच्या आठवड्याची फिल्म धुऊन आलीय, छोट्या थिएटरात दाखवतायत, तुम्हाला बोलावलंय. मेकअपमनला कोण बोलावतं हो? आम्ही दाराबाहेरची माणसं. गेलो. पडद्यावर ती खिडकीत आली आणि पुढच्या रांगेतला एक वितरक, चांगला ढेरपोट्या माणूस, खुर्चीवरून ताडकन उठला. मग टाळ्या. दिग्दर्शकाने माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, पुन्हा लावा. पुन्हा लावलं. मग आणखी कुणी आलं, त्यांच्यासाठी पुन्हा.

सिस्टर : किती वेळ?

मेकअपमन : तीन तास.

सिस्टर : विसरलात तुम्ही.

मेकअपमन : तुम्हीही तेच म्हणालात. मीही पन्नास वर्षं हेच म्हणत आलो, विसरलो. पण सिस्टर, चावी पँटच्या खिशात होती. बसलं की मांडीला टोचत होती. एकदा टोचली, दोनदा टोचली. मग मी ती काढली आणि कोटाच्या खिशात टाकली. विसरलेला माणूस असं करतो का?

सिस्टर : पाणी हवंय का, काका?

मेकअपमन : नको. त्या खोलीला तीन बाजूंनी आरसे होते, कडेने दिवे, आणि दिव्यांचं बटण बाहेर. तिला ते बंदही करता येत नव्हते. पॅकअप झालेलं, सगळे जेवायला गेलेले. रबर आवळायला लागलं की खाज सुटते, आग होते. शेवटी तिने स्वतःच ओढून काढलं. डाव्या कानाखाली बोटभर कातडी निघून आली रबराबरोबर. तो व्रण अजून आहे. तुमच्या फॉर्मात 'ओळखीची खूण' असेल ना, तिथे लिहा.

सिस्टर : दार उघडल्यावर काय म्हणालात त्यांना?

मेकअपमन : ती आरशांकडे पाठ करून जमिनीवर बसली होती. अर्धं तोंड चोवीस वर्षांचं, अर्धं चौऱ्याहत्तरचं. मी म्हटलं, 'अहो, हे काय करून ठेवलंत! उद्या फोटो काढायचे होते.'

सिस्टर : काका!

मेकअपमन : हो. हेच म्हणालो. जीभ झडली नाही माझी.

सिस्टर : आणि तरी त्यांनी तुमच्याशी लग्न केलं?

मेकअपमन : महिन्याने माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. दार तिच्या आईने उघडलं. बघतो तर काय! मी केलेली म्हातारी जिवंत होऊन दारात उभी, हातात केरसुणी. त्या गडबडीत पाठ करून गेलेलं सगळं विसरलो आणि माफीऐवजी लग्नाचंच विचारून बसलो. ती आतून हसत बाहेर आली. मला वाटलं, झालं, मिटलं. सिनेमे तिला पुढे मिळाले नाहीत. जो तो म्हणायचा, ती म्हातारी ना? तरण्या मुलीला आजीची कामं यायची. तिने सोडूनच दिलं. संसार केला, लेक वाढवली, माझी उशिराची जेवणं गरम केली. त्या दिवसाबद्दल एकोणपन्नास वर्षांत एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही. म्हटलं, विसरली असेल, कशाला खपली काढा.

सिस्टर : आणि आता?

मेकअपमन : आता बाकी सगळं विसरली. लग्न विसरली, लेकीचं नाव विसरली, मला विसरली. तेवढी ती खोली शिल्लक राहिली. रोज दुपारी त्या खोलीत जाऊन बसते. आणि मला सांगते, मलाच! 'आजोबा, तो मेकअपवाला मला कोंडून गेलाय हो.' तिने दिवे मोजले होते, माहितीय? बेचाळीस. त्यातले तीन गेलेले. आणि पहिला तासभर तिला राग आलाच नव्हता. तिला वाटलं, मला काहीतरी झालं असेल, अपघात वगैरे. माझी काळजी करत बसली होती ती. हे मला यावर्षी कळलं.

सिस्टर : मग तुम्ही सांगत नाही त्यांना, की मी आलोय, मीच तो म्हणून?

मेकअपमन : रोज सांगतो. हसते. म्हणते, तो पोरगेलासा आहे हो, तुम्ही आजोबा.

सिस्टर : काका, मला एक सांगायचंय. लेक सांगेल असं वाटलं होतं, पण तिने बहुतेक माझ्यावरच सोपवलंय. नवीन माणूस आलं की पहिले तीन महिने घरच्यांनी भेटायला यायचं नाही, असा नियम आहे. रुळायला वेळ लागतो. तुमच्या बाबतीत डॉक्टरांनी तारीखच लिहिलेली नाही.

मेकअपमन : म्हणजे?

सिस्टर : कातडी भरेपर्यंत तरी नाही. आणि त्यानंतरही, तुम्हाला बघून त्या पुन्हा मेकअपचं काढत असतील तर... लेकीने सही केलीय.

मेकअपमन : तिचं बरोबर आहे. तिने आईचं तोंड बघितलं त्या दिवशी, स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला एक शब्द बोलली नाही. आईवर गेलीय.

सिस्टर : मला वाईट वाटतंय.

मेकअपमन : मग माझं एक काम करा. आत्ता साडेतीन झालेत. तासभर आहे. आज तिचा मेकअप तुम्ही काढा.

सिस्टर : काका, मी आत्ताच काय सांगितलं? त्या कातडीला...

मेकअपमन : तेल नको. घासायचं नाही. कोरडा कापूस, तोही नुसता टेकवायचा. मी शिकवतो. माझ्या हातांवर तिचा विश्वास नाही, म्हाताऱ्याचे हात आहेत ते. तुमचे हात तरुण आहेत, पांढरे कपडे आहेत, तुम्ही सांगितलं निघाला, तर तिला पटेल. एकदा तरी तिला वाटू दे की तो निघाला. त्या दिवशी तो कुणी नीट काढलाच नाही हो, म्हणून ती तिथेच अडकून बसलीय. निघाला असं वाटलं तर कदाचित वर बघेल. मी समोर असेन. ओळखलं तर मला फक्त एक वाक्य बोलायचंय. पन्नास वर्षं राहिलंय.

सिस्टर : आणि नाही ओळखलं तर?

मेकअपमन : तर तुमची गाडी आहेच.

सिस्टर : घासायचं नाही.

मेकअपमन : तुमच्या गळ्याची शपथ. कपाळापासून सुरुवात करायची, मग डोळ्यांच्या कडेने बाहेर, मग गाल, शेवटी हनुवटी. कानाखाली जायचं नाही. आणि चष्मा काढून ठेवा.

(आतल्या खोलीत. खिडकीवर जाड पडदा, भिंती रिकाम्या. बाई खुर्चीत ताठ बसल्या आहेत.)

बाई : आला का तो?

सिस्टर : मी आलेय, बाई. तुमचा मेकअप काढायला.

बाई : तुम्ही? नवीन दिसता. त्याला काही झालं नाही ना?

सिस्टर : नाही नाही. सुखरूप आहे. मला पाठवलंय.

बाई : तरीच. सुखरूप आहे आणि आला नाही. चावी तेवढी दिलीन म्हणायची तुमच्याकडे. आणि हे आजोबा कोण?

मेकअपमन : मी इथलाच, बाई.

बाई : मग तुम्ही हाक का नाही ऐकलीत? मी किती हाका मारल्या.

सिस्टर : डोळे मिटा, बाई. कपाळापासून काढतेय. दुखलं तर सांगा.

बाई : हळू हं. फार वेळ राहिलाय तो. मला खाज सहन होत नाही, पण मी हात लावला नाही, विचारा यांना. फोटो काढायचेत ना उद्या.

मेकअपमन : फोटो नाही काढायचे आता. फोटो रद्द झाले.

बाई : रद्द झाले? आधी नाही का सांगायचं! बरं झालं पण. ताई, तुमचा हात हलका आहे. त्याचाही हलका आहे. तो काढताना फुंकर घालतो, माहितीय? घालायची काही गरज नसते.

सिस्टर : डोळ्यांचं झालं. आता गाल. आता हनुवटी. झालं, बाई. सगळा निघाला.

बाई : खरं? खोटं नका सांगू. रोज सांगतात निघाला, आणि मी बोट लावून बघते तर तिथेच.

सिस्टर : उघडू नका डोळे. तुमचा हात द्या इकडे. हा गाल बघा. आहे का कुठे एक तरी रेघ?

मेकअपमन : सिस्टर, तो तर तुमचा...

सिस्टर : काका, गप्प बसा.

बाई : नाहीये. अगंबाई, खरंच नाहीये. किती मऊ लागतोय! निघाला. निघाला सगळा. मी म्हणतच होते, निघेल म्हणून. हलकं हलकं वाटतंय मला.

सिस्टर : आता उघडा डोळे. समोर बघा. कोण बसलंय?

बाई : आजोबा बसलेत.

मेकअपमन : नीट बघ. मी आहे. उशीर झाला, पण आलो.

बाई : कुणाला शोधताय, आजोबा?

मेकअपमन : तो मेकअपवाला, ज्याने तुला कोंडलं. चावी त्याच्या खिशात होती. त्याला यायचं असतं तर येता आलं असतं. तो विसरला नव्हता. लोक टाळ्या वाजवत होते म्हणून बसून राहिला. मी माफी मागतो.

बाई : तुम्ही त्याचे कोण?

मेकअपमन : मीच तो.

बाई : काय हो तुम्ही! तो सव्वीस वर्षांचा आहे. केसांना चपचपीत तेल लावतो. आरशातून माझ्याकडे बघताना सापडला की त्याचे कान लाल होतात.

मेकअपमन : तुला कळत होतं ते?

बाई : न कळायला काय झालं? चार दिवस नुसतं हसा, रडा, आठ्या घाला. एका दिवसाचं काम होतं ते. मी काही बोलले नाही.

मेकअपमन : मग त्याला माफ करशील?

बाई : करीन की. मी काय त्याचा जीव घेणार आहे? पण त्याने यावं. समोर उभं राहून म्हणावं. ते दुसऱ्या कुणी म्हणून कसं चालेल, आजोबा? तुमचं मन मोठं आहे, पण तुमचा काय संबंध?

सिस्टर : काका, हॉर्न वाजला. गाडी आली वाटतं. लवकरच आली.

मेकअपमन : ऐकलं मी.

बाई : माझी गाडी? घरी सोडणार ना? आई वाट बघत असेल.

सिस्टर : हो, बाई. उठा हळूच. माझा हात धरा.

बाई : थांबा, थांबा. यांचा राहिलाय की. ताई, यांचा नाही काढलात?

मेकअपमन : माझा असू द्या.

बाई : असं कसं? केव्हाचे ताटकळत बसलेत बिचारे. बघा, गळ्यापर्यंत आहे. केलाय मात्र झकास हं कुणीतरी. डोळ्यांखालचं बघा ना, अगदी खरं वाटतं.

सिस्टर : काका, मान वर करा. पुसू द्या मला.

मेकअपमन : कशाला उगीच.

सिस्टर : सगळं तोंड ओलं झालंय, काका. पुसू द्या.

बाई : निघतोय का?

सिस्टर : नाही, बाई. नाही निघत.

बाई : मग असू द्या. त्यांना कुठे जायचं असेल असं वाटत नाही. चला, आपण निघू या.